हंटिंग्टनच्या रुग्णाची तपासणी: हातापायांची आणि दिवसभराच्या कामांची

दिंडोरी तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार काका दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आले, तेव्हा त्यांचे खांदे मधूनच उडत होते आणि मांडीवरची बोटं पेटी वाजवल्यासारखी चाळवत होती. गावात समज एकच, की काका पितात. काकूंनी खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकलं, "ताई, यांनी जन्मात दारूला हात लावलेला नाही." हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजाराचं निदान झालेलं होतं, जनुकाचा रिपोर्ट पिशवीत होता आणि घरच्यांचं मागणं एवढंच होतं, की अंगाचं हे हलणं थांबवा. मी विचारलं, बागेत कसं चाललंय? मग मुलाने सांगितलं, की या हंगामात वडिलांनी एका ओळीचं डिपिंग, म्हणजे घड औषधात बुडवणं, दोनदा केलं आणि शेजारची ओळ तशीच राहिली. मण्यांची विरळणी करताना कात्री चालायची, पण एकेका घडापाशी पाच-पाच मिनिटं जायची. मजूर पुढे निघून जायचे.

हलणं सगळ्यांना दिसत होतं. बाग हातातून सुटत होती ती संथपणामुळे आणि कामाचा क्रम चुकत असल्यामुळे. हंटिंग्टनच्या तपासणीत नजर फसते ती इथेच. कोरिया, म्हणजे आपोआप होणारी ही नाचरी हालचाल, डोळ्यांत भरते म्हणून तीच मोजली जाते. आजार पुढे सरकला की पुष्कळदा कोरिया कमी होतो आणि त्याची जागा ताठरपणा घेतो. घरचे म्हणतात, "आता बरं आहे, पूर्वीइतकं हलत नाहीत," आणि त्याच वर्षी घास भरवायची वेळ येते. म्हणून तपासणी दोन अंगांनी करायची: शरीर काय करू शकतं, आणि माणूस दिवसभरात काय करू शकतो.

मी नाशिकमध्ये फिजिओथेरपी करते. ज्यांच्याकडे असा रुग्ण वर्षा-दोन वर्षांत एखादाच येतो, अशा फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि फॅमिली डॉक्टरांसाठी हे लिहिते आहे. घरच्यांनीही वाचावं. तपासणीत काय चाललंय हे त्यांना कळलं, की ते फार मोलाची माहिती देतात.

आजाराबद्दल, कामापुरतं

जॉर्ज हंटिंग्टन या अमेरिकन डॉक्टरने 1872 मध्ये या आजाराचं वर्णन केलं. चौथ्या गुणसूत्रावरचं जनुक सापडलं 1993 मध्ये. त्या जनुकात सी-ए-जी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. 26 पर्यंत आवर्तनं सामान्य, 36 ते 39 असतील तर आजार होईल किंवा होणारही नाही, आणि 40 किंवा त्याहून जास्त असतील तर पूर्ण आयुष्य मिळाल्यास आजार होतोच. आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक अपत्याला शक्यता 50 टक्के, मुलगा असो की मुलगी. लक्षणं बहुधा तिशी ते पन्नाशीत सुरू होतात. विशीच्या आत सुरू झाला तर कोरियाऐवजी ताठरपणा आणि संथपणाच पुढे असतो. अशा मुलात नाचरी हालचाल शोधत बसलात तर आजार हातून निसटेल.

पायरी 1: आधीची तयारी

खुर्ची हातांची हवी, आणि दर वेळी तीच. जमिनीवर रंगीत टेपने 3 मीटर आणि 10 मीटरच्या खुणा करून ठेवा. स्टॉपवॉच, वजनकाटा आणि रुग्णाला धरायला कमरेचा रुंद पट्टा जवळ असू द्या. तपासणीची वेळ लिहा, शेवटची गोळी किती वाजता घेतली तेही लिहा. कोरियासाठी टेट्राबेनाझिन चालू असेल तर गुंगी, संथपणा आणि उदासी त्या गोळीनेही येऊ शकते. मागच्या खेपेला गोळीनंतर दोन तासांनी आणि या खेपेला गोळीआधी तपासलं, तर दोन्ही आकडे एकमेकांशेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

रुग्णाचे बूट-मोजे काढायला सांगा. कोरिया पायाच्या बोटांत फार लवकर दिसतो आणि मोज्यात लपतो.

पायरी 2: दोन वेगळ्या गप्पा

आधी रुग्णाशी एकट्याने बोला, मग घरच्यांशी एकट्याने. यात कसूर करू नका. या आजारात मेंदूच्या बिघाडामुळेच स्वतःची लक्षणं जाणवेनाशी होतात. काकांना मी विचारलं, "हात हलतात का?" तर हलणाऱ्या हाताने नकार देत म्हणाले, "नाही, कधीतरी थोडं." खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच जाणवत नव्हतं. आणि काकू त्यांच्यादेखत एक अक्षर बोलायला तयार नव्हत्या. बाहेर आल्यावर बोलल्या: चहा बशीत ओतताना सांडतो, गेल्या महिन्यात दोनदा पडले, मोटारसायकल अजून चालवतात, आणि रागाच्या भरात ताट भिरकावतात.

या गप्पांत चार गोष्टी विचारायच्याच: पडणं, ठसका, वजन आणि मन. ठसका पाण्याने लागतो की भाकरीच्या घासाने, ते नेमकं विचारा. पाण्याने लागत असेल तर गिळण्याची तपासणी स्पीच थेरपिस्टकडून लवकर करून घ्या. वजन दर भेटीला करा. हा आजार अंगावरचं मांस खातो, भूक चांगली असली तरी. मनाबद्दल विचारताना आडवळण नको. "जगावंसं वाटत नाही असं कधी मनात येतं का?" हा प्रश्न सरळ विचारा. हंटिंग्टनमध्ये आत्महत्येचा धोका खरोखर जास्त असतो, आणि विचारल्याने तो वाढत नाही. उत्तर "हो" आलं तर बाकीची तपासणी बाजूला ठेवा, रुग्णाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. 14416 ही टेली-मानसची सरकारी हेल्पलाइन चोवीस तास चालते, तो नंबर घरच्यांच्या मोबाइलमध्ये तिथेच सेव्ह करून द्या.

पायरी 3: हालचालींची तपासणी

जगभर यासाठी युनिफाइड हंटिंग्टन्स डिसीज रेटिंग स्केल वापरतात, थोडक्यात यूएचडीआरएस. त्यातल्या हालचालींच्या भागात 31 बाबी आहेत, प्रत्येकीला 0 ते 4 गुण, एकूण 124. इथे गुण जास्त म्हणजे बिघाड जास्त. संशोधनासाठी गुण देणाऱ्याला रीतसर प्रशिक्षण लागतं. दवाखान्यात निदान एवढं पाळा, की दर वेळी तपासणारी व्यक्ती तीच असावी.

डोळ्यांपासून सुरुवात करा. डोकं स्थिर ठेवून तुमच्या बोटामागे नजर फिरवायला सांगा, आधी आडवी, मग उभी. नंतर दोन्ही हात दोन बाजूंना धरून, ज्या बाजूचं बोट हलेल तिकडे झटकन बघायला सांगा. नजर उडवायला रुग्णाला पापणी मिटावी लागते का, किंवा डोकं आधी वळतं का, ते बघा. काकांची मान दर वेळी आधी वळत होती. मोटारसायकलचा प्रश्न माझ्यापुरता तिथेच सुटला होता. द्वारका चौकात तिन्ही-चारी बाजूंनी गाड्या येतात, तिथे अशा नजरेने कसं निभावणार?

मग जीभ. "काका, जीभ पूर्ण बाहेर काढा आणि मी थांबा म्हणेपर्यंत आत घेऊ नका." 10 सेकंद मोजा. पूर्ण वेळ टिकली तर 0. 10 सेकंद टिकली नाही तर 1, 5 सेकंदही टिकली नाही तर 2, पूर्ण बाहेरच येत नसेल तर 3, आणि ओठांपुढेच सरकत नसेल तर 4. केलेली हालचाल धरून ठेवता न येणं ही या आजाराची खूण आहे. हातातही ती सापडते: तुमची दोन बोटं रुग्णाच्या मुठीत द्या आणि सारखा दाब ठेवायला सांगा. दाब कमी-जास्त, कमी-जास्त होत राहतो, गाईची धार काढावी तसा. ज्याने गोठा पाहिला आहे त्याला हे शब्दांत सांगावं लागत नाही.

आता बोटं. अंगठा आणि तर्जनी 5 सेकंद जितक्या भरभर आपटता येतील तितकी, प्रत्येक हाताने वेगळी. 15 किंवा जास्त टिचक्या म्हणजे 0, 11 ते 14 ला 1, 7 ते 10 ला 2, 3 ते 6 ला 3, त्याखाली 4. आकड्याइतकीच लयही बघा: मध्येच अडखळतात का, टिचकी लहान लहान होत जाते का. काकांचा उजवा हात 9 वर थांबला, आणि विरळणीच्या कात्रीचं कोडं मला उलगडलं. कोपरापासून हात पालथा-उताणा करण्याची चाचणी याच पद्धतीने घ्या.

त्यानंतर मूठ, हाताची कड, तळवा. मूठ टेबलावर, मग हाताची कड, मग तळवा, या क्रमाने. आधी करून दाखवा, सोबत करा, मग बोलायचं थांबवून रुग्णाला एकट्याला करू द्या. 10 सेकंदांत न सांगता चार वेळा क्रम जमला तर 0. चारपेक्षा कमी पण न सांगता, तर 1. तुम्ही शब्दांनी आधार दिल्यावर चार जमले तर 2, आधार देऊनही चारपेक्षा कमी तर 3. यातून फार कामाची गोष्ट कळते: आधार दिल्यावर जमतंय का? जमत असेल तर घरातही क्रम सांगणारं कुणी असलं, किंवा भिंतीवर चित्रं लावली, तर अंघोळ नि कपडे अजून बराच काळ स्वतःच्या हाताने होतील. काकांना आधाराने जमलं. डिपिंग केलेल्या ओळीच्या खांबाला लाल चिंधी बांधायची, ही युक्ती त्यांच्या मुलानेच काढली आणि पुढच्या हंगामात ओळ चुकली नाही.

कोरिया मोजताना रुग्णाला नुसतं बसवू नका, मन कामाला लावा. शंभरातून सात-सात वजा करायला सांगा, किंवा आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा. मन गुंतलं की कोरिया उफाळून येतो. चेहरा, तोंडाभोवतीचा भाग, धड आणि चारही हातपाय, असे सात गुण वेगवेगळे द्या. हातपाय किंवा धड पिळून एका स्थितीत अडकतं त्याला डिस्टोनिया म्हणतात. त्याचे धड आणि चार हातपाय मिळून पाच गुण. ताठरपणासाठी रुग्णाचा हात सैल सोडायला सांगून कोपरात हळू फिरवा. बोलणं तर गप्पांतच ऐकून झालेलं असतं.

पायरी 4: चालणं आणि तोल

आधी साधं चालणं, 10 मीटर, वेळ नोंदवून. पायांतलं अंतर रुंदावलं आहे का ते बघा. मग टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत 10 पावलं. एक ते तीन पावलं रेषेबाहेर गेली तर 1, त्याहून जास्त गेली तर 2, पूर्णच झाली नाहीत तर 3. या वेळी तुम्ही रुग्णाच्या बाजूला, पट्टा धरून.

मागे ओढण्याच्या चाचणीत सगळ्यात जास्त काळजी घ्या. रुग्णाच्या मागे उभ्या राहा, तुमच्या मागे भिंत असू द्या, रुग्णाला आधी सांगा की मी ओढणार आहे, आणि मग खांद्यांना झटका द्या. स्वतःहून सावरला तर 1, धरलं नसतं तर पडला असता तर 2. तुमची उंची-ताकद रुग्णाला पेलण्याइतकी नसेल तर दुसरा माणूस सोबत घ्या, किंवा चाचणीच करू नका आणि कारण लिहून ठेवा.

खुर्चीतून उठून 3 मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, या चाचणीत मी वेळेपेक्षा वळण आणि बसणं जास्त निरखते. हंटिंग्टनचे रुग्ण खुर्चीत बसत नाहीत, धपकन पडतात. घरातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या त्यानेच मोडतात. नंतर तेच चालणं भाज्यांची नावं घेत करायला सांगा. नावं सांगताना पाय थांबले तर रस्ता ओलांडताना मोबाइलवर बोलायचं नाही, ही सूचना तुमच्याकडे पुराव्यासकट तयार झाली. तोलाचा सविस्तर हिशेब हवा असेल तर बर्ग बॅलन्स स्केल आहे, 14 कामं, 56 गुण.

पायरी 5: दिवसाचं मोजमाप

यासाठीची मुख्य मोजपट्टी म्हणजे टोटल फंक्शनल कपॅसिटी, टीएफसी. 1979 पासून वापरात आहे. तिचे गुण 13, आणि इथे उलटं: गुण जास्त म्हणजे माणूस जास्त समर्थ. नोकरी-व्यवसाय 0 ते 3, पैशाचे व्यवहार 0 ते 3, घरकाम 0 ते 2, स्वतःची रोजची कामं 0 ते 3, आणि लागणारी काळजी 0 ते 2. बेरीज 11 ते 13 म्हणजे पहिला टप्पा, 7 ते 10 दुसरा, 3 ते 6 तिसरा, 1-2 चौथा, 0 पाचवा.

कागदावर सोपं वाटतं, आपल्या घरांत मात्र अडखळतं, म्हणून इथे जरा थांबते.

घरकामाचा प्रश्न घ्या. काकांनी आयुष्यात कधी कपबशी विसळलेली नव्हती. "घरकाम करता का?" याला उत्तर "नाही". म्हणून 0 द्यायचा? आजाराने नेलं ते मोजायचं आहे, सवयीने कधी केलंच नाही ते नव्हे. म्हणून प्रश्न असा ठेवा: "काकू चार दिवस माहेरी गेल्या तर तुम्ही चहा टाकाल का, दूध उतू जाऊ न देता?" शंका असेल तर करायला लावा. आमच्या पॅन्ट्रीत गॅस आहे, मी शेजारी उभी राहते. उलट बाजूही तितकीच खरी. पंचवटीतल्या एक वहिनी आल्या होत्या, त्यांचे पैशाचे व्यवहार आधीपासून नवराच बघायचा. त्यांना मी पाचशेची नोट दिली आणि विचारलं, "भाजीचे 130 झाले, परत किती घ्याल?" त्यांनी आकडा बरोबर सांगितला, पण भाजी काय घ्यायची होती ते तोवर विसरल्या. हल्ली मोबाइलवरून पैसे पाठवण्याबद्दलही विचारते: पिन आठवतो का, एकाच माणसाला दोनदा पैसे गेले आहेत का.

व्यवसायाच्या गुणात शेतकऱ्याचं, घरच्या दुकानदाराचं मोजमाप फसतं, कारण त्यांना कामावरून कुणी काढत नाही. सातपूरच्या कारखान्यातला कामगार लाइनवर मागे पडला की सुपरवायझर बोलतो. बागेत मुलगा गुपचूप सांभाळून घेतो. विचारा: गोडी छाटणीला काडीवर किती डोळे, म्हणजे फुटीच्या जागा, ठेवायचे हे कोण ठरवतं? फवारणीचं प्रमाण कोण मोजतं? दोन वर्षांपूर्वी कोण करायचं? निर्णय दुसऱ्याकडे गेला असेल तर माणूस रोज बागेत जात असला तरी 3 गुण नाहीत.

आणि शेवटची बाब, काळजी. पट्टीत घरीच भागतं त्याला 2 गुण, पूर्णवेळ निष्णात शुश्रूषा लागते त्याला 0. आपल्याकडे सगळेच घरी असतात. एखाद्या घरात बायको रात्री तीनदा उठते, घास बारीक करून भरवते, दोघा मुलांच्या मदतीने अंघोळ घालते, आणि फॉर्मवर कुणीतरी "घरी" म्हणून 2 लिहून मोकळं होतं. माणूस कुठे झोपतो ते बघू नका. त्याला किती हात लागतात ते बघून गुण द्या. सांभाळणाऱ्या बाईचे कष्ट कागदावरून असे पुसले गेले की मला फार त्रास होतो.

टीएफसीसोबत यूएचडीआरएसमधली 25 हो-नाही प्रश्नांची यादी आहे: औषधं स्वतः घेता येतील का, फोन वापरता येईल का, न पडता चालता येईल का, मुलांना सांभाळता येईल का, बस-रिक्षाने जाता येईल का. इथेही "येईल का" हेच विचारायचं. बसच्या प्रश्नाला मी सिटीलिंक या नाशिकच्या शहर बसच्या पायरीइतक्या उंचीचा लाकडी ठोकळा वापरते. यादीत नसलेल्या दोन गोष्टी मी जोडते: जमिनीवर मांडी घालून बसून उठणं, आणि भारतीय पद्धतीच्या संडासात बसून उठणं. खेड्यातला रुग्ण पडतो तो बहुधा तिथेच.

स्वावलंबनाची वेगळी पट्टीही आहे, 10 ते 100, पाच-पाचच्या टप्प्यांची. 100 म्हणजे कसलीच मदत नको. 70 च्या आसपास गाडी आणि पैशाचे व्यवहार सुटलेले, सुरीचं काम जपून. 50 ला चोवीस तास कुणीतरी लक्ष ठेवायला हवं. 10 म्हणजे नळीने अन्न आणि पूर्ण अंथरुणात.

तपासणीच्या खोलीतली मुलं

काकांची धाकटी मुलगी, बावीस वर्षांची, कोपऱ्यात उभी राहून सगळं बघत होती. वडिलांच्या टिचक्या मोजून झाल्यावर तिने हात पुढे केला. "मॅडम, माझ्या पण मोजता?"

मोजायच्या नाहीत. हसत-खेळत केलेली ती टिचक्यांची चाचणी म्हणजे तिच्या पुढच्या आयुष्याबद्दलचं निदान ठरू शकतं, तिची तयारी नसताना, घरच्यांसमोर. लक्षणं नसलेल्या व्यक्तीची तपासणी करायची तर आधी जनुकीय समुपदेशन, मग तिचा स्वतःचा निर्णय, आणि तोही अठरा वर्षांनंतरच. मी तिला बाजूला बसवून एवढंच सांगितलं, आणि समुपदेशनाचा रस्ता लिहून दिला. "मोजू नका" म्हणायचाही तिला हक्क आहे, हेही सांगितलं. लग्नाची बोलणी चालू असलेल्या घरात तर जास्तच जपा: जनुकाचा रिपोर्ट कुणासमोर उलगडायचा हे रुग्णाला विचारूनच ठरवा.

पायरी 6: नोंद आणि पुढची तारीख

एका पानावर मावेल एवढंच लिहा: तारीख, वेळ, गोळी, वजन, सहा महिन्यांतलं पडणं, हालचालींचे गुण, 10 मीटरचा वेळ, टीएफसीचे पाचही आकडे सुटे. नुसती बेरीज लिहू नका. 8 वरून 7 झाले तर कुठला गुण गेला ते कळलं पाहिजे, कारण मदत तिथेच लावायची आहे. सुरुवातीच्या आणि मधल्या टप्प्यांत टीएफसी वर्षाला साधारण अर्धा ते एक गुण उतरतो. दोन-तीन महिन्यांत एकदम दोन गुण उतरले तर आजारावर ढकलण्याआधी दुसरं कारण शोधा: नैराश्य, गोळीचा वाढलेला डोस, लघवीचा संसर्ग, डोक्याला लागलेला मार. व्हिडिओ काढायचा तर लेखी संमतीने, आणि तो कुठल्याही ग्रुपवर जाता कामा नये.

त्या पानाची झेरॉक्स घरच्यांना द्या. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी ती उपयोगी पडते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार आहेत, आणि बहुतेक सवलतींसाठी किमान 40 टक्के लागतात. टक्के ठरवणं डॉक्टरांच्या मंडळाचं काम. पण दहा मिनिटांच्या भेटीत त्यांना न दिसणारं तुमच्या कागदावर असतं: रात्री किती वेळा उठावं लागतं, संडासात कोण सोबत जातं.

पुढची तपासणी साधारण सहा महिन्यांनी. काकांची आम्ही खरड छाटणी उरकल्यावरची ठेवली, म्हणजे मुलाला सोबत यायला जमेल. सकाळी दहा, गोळीनंतर दोन तासांनी, हातांची तीच खुर्ची. या वेळी काकूंना मी अर्धा तास आधी बोलावलं आहे, एकट्यांना.